लाख वजा करून

पुणे, रविवार

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

सोनं शोधणाऱ्या कंपनीने जमिनीत छिद्र मारलं, त्याची तू पाठवलेली बातमी वाचली. '१२ मीटर, टनामागे ८ ग्रॅम सोनं. त्यातच १ मीटर, ८० ग्रॅम.' खाली तुझा प्रश्न, 'मामा, शेअर घेऊ का?'

बारा आठे शहाण्णव. त्यातले ८० एकट्या मीटरचे. उरले १६. ते ११ मीटरांत वाट, टनामागे दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. लक्ष्मी रोडवर आजीची बोरमाळ मोडायला नेली, तेव्हा सराफाने आधी लाखेचं वजन वजा केलं. तसंच कर. आणि ते १२ मीटर छिद्राच्या लांबीचे. छिद्र शिरेला, म्हणजे दगडातल्या सोन्याच्या पट्ट्याला, ३० अंशात तिरकं गेलं असेल तर शिर खरी ६ मीटरचीच. 'खरी जाडी' दिली नसेल तर मी तरी कमीच धरतो.

आता दीड ग्रॅम वाईट का? ते खोलीवर आहे. सोनं ग्रॅमला १०० डॉलर धर, कारखान्यात ९० टक्के हाती येतं असं धर, म्हणजे टनाला साधारण १३० डॉलर. दगड ३० मीटरवर असेल तर उघड्या खाणीत हे छान परवडू शकतं, फक्त एक टन कामाच्या दगडासाठी किती टन निकामी दगड उचलावा लागेल ते बघायचं. तोच दगड ४०० मीटर खाली, अरुंद शिरेत असेल तर बोगदे, पंप, हवा यांतच १३० डॉलर उडतील. कोलारची खाण ३ किलोमीटरहून खोल गेली होती. २००१ मध्ये बंद झाली तेव्हा खाली सोनं शिल्लक होतं, पण काढायचा खर्च झेपत नव्हता.

मी एकदा अशाच छोट्या परदेशी कंपनीत अडकलो. मथळ्यातलं छिद्र खरं होतं. शेजारची सहा कोरडी, म्हणजे सोन्याविना होती, तीही छापलेली, मागच्या तक्त्यात बारीक अक्षरात. मी मथळ्यावरच थांबलो होतो.

फसवणुकीची भीती वेगळी. इंडोनेशियातल्या बुसांगला ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने कोअर, म्हणजे छिद्रातून निघालेला दगडाचा दांडा, उभी चिरून अर्धी जपायची सोडून जवळजवळ सगळीच दळली, त्यामुळे पडताळायला फारसं काही उरलंच नाही. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारी छिद्रं मारली तेव्हा पितळ उघडं पडलं.

तुझ्या बातमीच्या तक्त्यात 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने असतील, छिद्रात कुठून कुठवर सोनं लागलं ते सांगणारे. ते आकडे आणि छिद्राचा कोन कागदावर उतरवून ये. फोनवर सांगू नकोस, मला आकडे ऐकू येत नाहीत नीट.

तुझा
मामा