तुमचे प्रश्न: माटुंग्याची गळकी बिल्डिंग, तिच्या भुवया आणि पिंपळाचं रोप

प्रश्न: आमची बिल्डिंग माटुंग्यात, तळमजला अधिक तीन, आजोबांच्या वेळची, १९३० ते ४० च्या मधली. बिल्डरची ऑफर आलीय. परवा एक मुलगा खालून फोटो काढत होता, म्हणाला ही आर्ट डेको आहे, जपा. आम्हाला तर गळकी बिल्डिंगच दिसते. यात जपण्यासारखं काय असतं? आणि हेरिटेज म्हणजे ते मरीन ड्राइव्हवालं ना?

उत्तर: दादा, आर्ट डेको म्हणजे साधारण १९३०-४० च्या काळातली बिल्डिंगी बांधायची एक शैली. ती ओळखायला आधी एक काम करा, संध्याकाळी ऊन तिरकं झालं की रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून स्वतःच्या बिल्डिंगकडे नीट बघा. आपण रोज खाली बघत आत शिरतो हो, वर बघतच नाही. खिडक्यांच्या वर आडव्या पट्ट्या आहेत का, डोळ्यांवरच्या भुवयांसारख्या? पावसाची झड आणि दुपारचं ऊन दोन्ही अडवायला त्या काढल्यात. कोपऱ्याचा प्लॉट असेल तर गॅलरी गोल वळलेली असेल. जिन्याचा भाग बाकीच्या बिल्डिंगपेक्षा थोडा उंच काढलेला, त्यात उभ्या काचा, आणि ग्रीलमध्ये उगवता सूर्य नाहीतर लाटा. कुठे कुठे जहाजासारखी गोल खिडकी पण सापडते. आणि बिल्डिंगचं नाव सिमेंटमध्येच उठवलेलं, त्या काळच्या खास अक्षरात. जिन्यातली लादी बघा, ती सिमेंटची आहे, छापलेली नाही, रंग आतपर्यंत गेलेला असतो म्हणून इतकी वर्षं पाय घासूनही नक्षी टिकते. अशा लाद्या इथेच बनायच्या, भारत टाइल्सवाल्यांनी १९२२ साली स्वदेशीच्या भरात कारखाना काढला तो यासाठीच.

आता हे सगळं आलं कुठून, तर प्लेगमधून! १८९६ ला मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट गेली, मग १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाटीतून लोकांना बाहेर काढायला दादर-माटुंगा आखलं गेलं. आज आपण ह्याला "शहर" म्हणतो आणि उपनगर म्हणजे वांद्र्यापासून पुढे, पण तेव्हा हेच उपनगर होतं. रुंद रस्ते, दोन बिल्डिंगींच्या मध्ये हवा खेळायला जागा, फाइव्ह गार्डन्स, पारशी कॉलनी (मंचेरजी जोशींनी मागे लागून उभी करवली), हिंदू कॉलनी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी कुठल्याच फोटोत येत नाही, ती म्हणजे "ब्लॉक". चाळीत कॉमन संडासाला लाइन लावणाऱ्या माणसाला घराच्या आत संडास-बाथरूम मिळालं, म्हातारी माणसं अजून फ्लॅट न म्हणता ब्लॉक म्हणतात ते उगाच नाही. माझ्या मते नक्षीपेक्षा हे जास्त जपण्यासारखं आहे, म्हणजे प्रत्येक खोलीला खिडकी, समोरासमोर वारा. नवीन टॉवरमध्ये डक्टकडे तोंड करून बसलेलं किचन बघा म्हणजे कळेल.

हेरिटेजचं म्हणाल तर २०१८ ला युनेस्कोच्या यादीत आलं ते ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या बाजूचं, आर्ट डेको आणि त्याआधीच्या व्हिक्टोरियन गॉथिक मिळून ९४ बिल्डिंगी. दादर-माटुंगा त्यात नाही. २०१२ मध्ये शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी वगैरे परिसर महापालिकेच्या हेरिटेज यादीत घ्यायचा प्रस्ताव आला होता तेव्हा रहिवाशांनीच आरडाओरडा केला, कारण उद्या गॅलरीची काच बदलायलाही परवानगी लागली तर? भीती अगदीच खोटी नव्हती. आणि ज्यांचं पागडीचं घर (एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेलं), भाडं १९४० च्या पातळीला गोठवलं गेलं आणि आजही नाममात्र, तिथे मालकाने रिपेअरला पैसे कुठून आणायचे आणि का आणायचे, हे पण कोणी बोलत नाही. त्यामुळे नवीन घर हवंय म्हणणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

प्रश्न: स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आमची बिल्डिंग सी-२ आलीय. कमिटी म्हणते आता पाडण्याशिवाय इलाज नाही. खरंय का? (शिवाजी पार्क)

उत्तर: नाही! धोकादायक, रिकामी करून पाडा, ते सी-१. सी-२ म्हणजे रिपेअर होण्यासारखी, त्यातही ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठं काम आणि बी म्हणजे राहता राहता काम. सी-३ किरकोळ. ताई, रिपोर्ट पूर्ण मागून घ्या, नुसतं शेवटचं पान नको. हॅमर टेस्ट, अल्ट्रासॉनिक या काँक्रीट तपासायच्या टेस्ट केल्या होत्या का, काँक्रीटचे कोअर (तपासायला कापलेले गोल तुकडे) काढले होते का, की नुसतं बघून लिहिलंय, हे विचारा.

जुनं आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट, मरतं ते बहुतेक वेळा पाण्याने. पाणी आत गेलं की सळई गंजते, गंज फुगतो, वरचं काँक्रीट पोपड्यासारखं सुटतं. आणि पाणी येतं कुठून, तर गच्चीवर प्रत्येकाने बसवलेली वेगळी टाकी, तुंबलेला पाइप, आणि छज्जात उगवलेलं पिंपळाचं रोप, जे देवाचं म्हणून कोणी काढत नाही. (आमच्याकडे तीन वर्षं हेच चाललं होतं, शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनीच नमस्कार करून कुंडीत लावून घेतलं.) काम काढाल तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला आधीच लेखी द्या की भुवया आणि कठडे तोडून सपाट करायचे नाहीत, लादीवर लादी चढवायची नाही, जुनी लादी घासून पॉलिश करायची. तो म्हणेल असं कोणी करत नाही, म्हणू दे.

प्रश्न: मी खारला भाड्याने राहते, बिल्डिंग पाडणार हे ठरलंय. मी काय करू शकते?

उत्तर: थांबवू शकणार नाही, पण नोंद करू शकता. पुढून, जिन्यातून, दाराची मूठ, ग्रील, नावाची अक्षरं, सगळ्याचे फोटो काढा, घरमालकाकडे जुना प्लॅन असेल तर त्याचाही, आर्किटेक्टचं नाव त्यावरच असतं. आर्ट डेको मुंबई ट्रस्ट अशा बिल्डिंगींची नोंद करतं, त्यांना कळवा. आणि तोडकाम सुरू व्हायच्या आत विचारून लाद्या काढून घ्या, एकदा भंगारवाला आला की सागवानी दारं पहिली जातात. माझ्या पलंगाखाली अशा लाद्यांच्या दोन पेट्या आहेत, कुठे लावायच्या ते अजून ठरलेलं नाही, घरात रोज ऐकून घ्यावं लागतं.