झाडांच्या सहवासाने मनाला खरोखर बरे वाटते का?

आठवडाभर संगणकासमोर बसून थकलेल्या मनाला झाडांमध्ये गेल्याने खरोखर बरे वाटते, की ती केवळ समजूत आहे, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की बरे वाटते, आणि त्याला संशोधनाचाही आधार आहे. रॉजर उल्रिख यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून १९८४ साली दाखवून दिले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती चांगली असल्याचे सांगणारे अधिक आढळले. अर्थात मुळात निरोगी असलेली माणसेच जास्त बाहेर पडतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते.

मला स्वतःला हे उमगले ते आजोळच्या देवराईत. सह्याद्रीतल्या अशा देवरायांची पद्धतशीर नोंद माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केली. गावाने देवाच्या नावाने राखलेले हे रान कोणा एकाचे नसते, म्हणूनच तिथली वाळकी काटकीही कोणी घरी नेत नाही. पालापाचोळा जागच्या जागी कुजतो, पावसाचे पाणी त्यातून मुरते आणि आमच्या देवराईखालचा झरा भर वैशाखातही आटत नाही. वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी तिथल्या हिरड्याखाली जाऊन बसत असे. दुःख काही कमी झाले नाही, पण रात्री झोप लागू लागली. ज्या सावलीत मी बसलो होतो ती माझ्या पणजोबांच्या पिढीने कुऱ्हाडीपासून वाचवली होती, ही जाणीव मला झाडांइतकीच आधार देऊन गेली. नुसत्या शोभेच्या बागेत मला ती कधी मिळाली नाही.

तुम्ही पुण्यात असाल तर वेताळ टेकडीपासून सुरुवात करावी. आठवड्यातून दोन-तीनदा जावे, फोन पिशवीत ठेवावा आणि चालण्याइतकाच वेळ एका जागी बसण्यासाठी द्यावा. देवराईत जायचे झाल्यास मात्र आधी गावकऱ्यांना विचारावे आणि तिथली प्रथा असेल तर चपला बाहेर काढाव्यात.