मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत, शाळेतली भीती कशी घालवायची?

ऐरोलीच्या शाळेत सातवीला शिकवता, मुलं शंका विचारत नाहीत आणि शिक्षकही मुख्याध्यापकांपुढे गप्प, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दुखणं एकच आहे. घटक चाचणीच्या निकालावरून ज्या शिक्षकाला चारचौघांत सुनावलं जातं, तो पुढच्या तासाला राग वर्गावर काढतो. म्हणून निकालाची चर्चा एकेकट्याशी व्हावी, मीटिंगमध्ये नवे शिक्षक आधी बोलावेत आणि मुख्याध्यापक सगळ्यांत शेवटी. ते ऐकणारे नसतील, तर निदान स्वतःच्या वर्गापासून सुरुवात करा.

प्रश्न विचारल्यावर तीन ते पाच सेकंद थांबा. बहुतेक जण सेकंदभरात दुसऱ्याला उठवतात. आधी वहीत लिहू द्या, शेजाऱ्याला दाखवू द्या, मग हात वर. 2/3 + 1/4 चं उत्तर कुणी 3/7 काढलं, तर नाव न घेता ते फळ्यावर लिहा आणि विचारा, '2/3 हेच अर्ध्याहून जास्त, मग त्यात भर घालून बेरीज अर्ध्याहून कमी कशी?' अंशात अंश, छेदात छेद मिळवल्याचं मुलंच शोधून काढतील. कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा, पण आवाज न चढवता.

तक्रारपेटी बहुतेक ठिकाणी ऑफिसच्या दाराशी, शिपाईमामांच्या नजरेसमोर असते. तिथे कोण चिठ्ठी टाकणार? ती जिन्याच्या वळणावर लावा. ठरलेल्या वारी दोघांनी उघडा, त्यात एक पालक. अक्षर ओळखू येतं, म्हणून मूळ चिठ्ठी फिरवू नका, फक्त मजकूर सांगा. पहिल्या चिठ्ठ्या 'पंखा बंद आहे', 'बाथरूमला कडी नाही' अशाच येतील. मुलं तुमची परीक्षा घेत असतात. ती कडी आठवड्यात बसली तरच पुढची खरी चिठ्ठी येते. लैंगिक छळाची तक्रार मात्र शाळेत मिटवायची नसते. पॉक्सो कायदा, 2012 नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. मुलांसाठीचा 1098 हा नंबर वर्गात लावून ठेवा.

'मारा, पण शिकवा' म्हणणारे पालक भेटतीलच. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, हे त्यांना पालकसभेत स्पष्ट सांगा.

सुरुवातीला वर्गात गोंगाट वाढेल, काही मुलं मुद्दाम मर्यादा ताणतील. बरेच जण इथेच घाबरून पुन्हा पट्टी हातात घेतात. त्याऐवजी तीन-चारच नियम ठेवा आणि मोडल्यास काय होईल ते आधीच सांगा. वही विसरला तर मधल्या सुट्टीत बसून पूर्ण करायची, डबा खाऊन झाल्यावर.