1841 च्या 'जिझेल'साठी ताटासारखा टुटू घेऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी डोकेदुखी आठवली. 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकातला तुकडा बसवताय, पोशाख 1841 चा हवाय, आणि ड्रेसवाल्याने कमरेतून आडवा, ताटासारखा पसरणारा टुटू, म्हणजे बॅले नर्तकीचा जाळीचा घागरा, दाखवून "जुना प्रकार हाच" असं सांगितलंय. तो घेऊ नका. ॲडव्हान्स दिला असेल तर आजच परत मागा.

आत तारेची कडी घातलेला तो सपाट टुटू विसाव्या शतकातला. 12 मार्च 1832 ला पॅरिसच्या ऑपेरात मारी ताल्योनी 'ला सिल्फीद' या बॅलेत नाचली, तेव्हा तिचा घागरा घंटेच्या आकाराचा होता आणि पोटरीपर्यंत येत होता. 28 जून 1841 ला कार्लोता ग्रिसी तिथेच पहिली जिझेल झाली, तेव्हाही घाट तोच. घागरा आखडत गेला तो पुढे, पायांचं काम अवघड होत गेलं तसा. 1885 मध्ये रशियात पीटर्सबर्गला गेलेल्या व्हिर्जिनिया झुक्की या नर्तकीने आखूड घागऱ्याचा आग्रह धरला. 1895 च्या 'स्वान लेक'मध्ये बत्तीस गिरक्या घेणाऱ्या पिएरिना लेन्यानीचे फोटो बघा: घागरा गुडघ्याच्या आसपास आलाय, पण झुकलेला आहे, आडवा नाही. 'टुटू' हा शब्दसुद्धा छापात येतो तो 1881 च्या सुमारास. म्हणून दुकानात "टुटू द्या" म्हणू नका, वर्ष सांगा आणि लांबी सांगा.

सगळ्यात महाग पडते ती चित्रावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची चूक. एका चित्रसंग्रहाच्या कार्यालयाने पैसे घेऊन मला जो फोटो दिला, त्यावर फक्त "एकोणिसावं शतक" लिहिलं होतं. नेमकं वर्ष विचारणाऱ्या तीन पत्रांना उत्तर नाही, आणि तोवर कापड कापून झालेलं. शतक म्हणजे तारीख नव्हे! त्या शंभर वर्षांत घागरा पोटरीवरून गुडघ्यावर आला. अशा कार्यालयांच्या मागे लागून वेळ घालवू नका, चित्र स्वतः वाचायला शिका. ताल्योनी-ग्रिसीची त्या काळातली बहुतेक चित्रं शिळाछापाची आहेत. त्यांत चित्रकार पाऊल पाकळीएवढं काढतो आणि घागरा धुक्यासारखा. त्यावरून लांबी आणि घेराचा घाट घ्या, कापडाचा अंदाज बांधू नका. खरं कापड कसं पडतं, थर कुठे चुरगळतात, ते फ्रेंच चित्रकार देगाच्या चित्रांत दिसतं. पण ती 1870 नंतरची, घागरे आखूड झाल्यावरची, म्हणून त्यांतून लांबी उचलू नका.

आता कापड. तेव्हा मलमल, खळ घातलेली विरळ विणीची टार्लटन आणि यंत्रावरची सुती जाळी वापरत. जॉन हीथकोटने 1809 मध्ये जाळीच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यानंतर जाळी आवाक्यात आली. आज खळीच्या कापडाच्या नादी लागू नका, दमट हवेत ते पहिल्या तालमीलाच मान टाकतं. मऊ नायलॉनची जाळी घ्या, पांढरीशुभ्र नको, किंचित दुधाळ. टेलर लेहंग्याच्या सवयीने कॅनकॅन, म्हणजे आतून फुगवणारी कडक जाळी, सुचवेल. ठाम नाही म्हणा. कॅनकॅनने घागरा फुगून तसाच उभा राहतो, आणि या दुसऱ्या अंकात नाचणाऱ्या विली म्हणजे लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं. उडी संपल्यावर घागरा क्षणभर मागे राहून हळूच खाली बसला पाहिजे.

मापं साधारण 160 सेंमी उंचीच्या मुलीसाठी देतेय, तुम्ही आपली घ्या. कमरेपासून पोटरीच्या मध्यापर्यंत 70 सेंमी, म्हणजे 140 सेंमी पन्ह्यातून उभ्या दोन पट्ट्या निघतात. प्रत्येक थराला 4 मीटर घेर. पाच थर पुरतात. 8 मीटर मऊ जाळीतून चार पट्ट्या, 4 मीटर मध्यम कडक जाळीतून दोन. मध्यम दोन सगळ्यात आत, मऊ तीन वर, उरलेली पट्टी दुरुस्तीला. चुण्यांसाठी 4 मीटरला एकच धागा ओढलात तर तो तुटणारच. पट्टीचे चार भाग पाडा, प्रत्येकावर लांब टाक्याच्या दोन ओळी घाला, मग ओढा. पाचही थर कमरेवर एकाच रेषेत शिवले तर तिथे गाठोडं होतं. म्हणून कमरेखाली 8-10 सेंमीचा घट्ट योक, म्हणजे अंगाला बसणारा पट्टा, करा, आतला थर योकच्या तळाशी, बाहेरचा कमरेशी, मधले पायऱ्यांसारखे. खालची कड दुमडू नका, जाळी उसवत नाही आणि दुमडीच्या वजनाने लोंबते. आतले थर बाहेरच्यापेक्षा 1-2 सेंमी आखूड ठेवा. लांबी मुलीला नाचाचे बूट घालून उभं करून, जमिनीपासून पट्टी लावून कापा. टेबलावर कापलेली कड हमखास वाकडी येते.

चोळीला चेन लावू नका, मागे हूक लावा. पुढचं टोक खाली निमुळतं ठेवा, अस्तर जाड सुती.

बुटांबद्दल एवढंच: 1841 चे सॅटिनचे बूट मऊ होते, आजच्यासारखा कडक चवडा नव्हता. पण मुलगी आजच्या पद्धतीने शिकलेली असेल तर तिचे बूट बदलू नका. घोटा मोडण्यापेक्षा इतिहासाची चूक परवडली. हे माझं मत, तिच्या शिक्षकांना विचारा.

आणि आग. एमा लिव्री ही ताल्योनीची शिष्या. आगरोधक द्रावणात बुडवलेलं कापड ताठर आणि मळकं होतं म्हणून तिने ते नाकारलं. 15 नोव्हेंबर 1862 ला 'ला म्युएत द पोर्तिची' या ऑपेराच्या तालमीत गॅसच्या ज्योतीने तिचा घागरा पेटला, आणि आठ महिन्यांनी, जुलै 1863 मध्ये ती गेली. तेव्हाचं सुती कापड भडकायचं. आपलं नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. कार्यक्रमाआधी दीपप्रज्वलन असेल तर ती समई पडदा उघडण्यापूर्वी विंगेतून बाहेर न्यायला एक माणूस नेमा. फुंकर मारून कोपऱ्यात ठेवलेली चालणार नाही, वात धुमसत राहते.