मुलगी सायकलने शाळेत जाते. हेल्मेटने डोक्याची 85 टक्के इजा टळते म्हणतात, खरं आहे का? घ्यावं का?

हा 85 चा आकडा दिसला की माझा डावा खांदा ठणकते.

तीन वर्षांआधी, कापूस वेचणीचे दिवस. यवतमाळ जिल्ह्यातला आमचा रस्ता म्हणजे एका गाडीपुरतं डांबर आणि बाजूला उघडी गिट्टी. वावरातून सायकलने घरी येत होतो, सांज झाली होती, मागून जिनिंगला कापूस नेणारा ट्रॅक्टर आला, ट्रॉली दोन्हीकडून फुगलेली, त्याने कट मारला अन् मी सायकलसकट नालीत. कॉलरबोन मोडलं. डोक्याला खरचटलंही नाही. तरी दवाखान्यात माझा साळा, नागपूरचा, रविवारी महागड्या सायकलवर फिरणारा, काय म्हणते? "भाऊजी, हेल्मेट असतं तर 85 टक्के वाचले असते." अरे बाप्पा, हेल्मेट खांद्यात घालतेत का? सहा आठवडे हात गळ्यात, वेचणीचा खोळंबा, अन् वरून जो भेटायला येईल त्याच्यासमोर ह्याचं हेच वाक्य.

मग पडल्या पडल्या मोबाइलवर शोधलं. आकडा अमेरिकेतल्या सिॲटलचा, 1989 मध्ये छापलेला. दवाखान्यात आलेले सायकलवाले घेतले, डोक्याला लागलेले 235, त्यातल्या फक्त 7 टक्क्यांनी हेल्मेट घातलं होतं, आणि ज्यांना दुसरीकडे लागलं त्यांच्यात 24 टक्क्यांनी. वय-बिय धरून हिशेब केला अन् 85 निघाले. म्हणजे तो हिशेब डोक्याच्या माराचा, पूर्ण माणसाचा नाही. आणि मायबापासोबत बागेत चालवणारं हेल्मेटवालं पोट्टं आणि रस्त्यावर एकटं सुटलेलं बिनहेल्मेटचं पोट्टं सारखंच पडते का? हा आक्षेप काही माझा एकट्याचा नाही, 2013 मध्ये अमेरिकन सरकारी खात्यांनीच तो आकडा आपल्या वेबसाइटवरून काढला. साळ्याला लिंक पाठवली, ब्ल्यू टिक आली, उत्तर अजून यायचं आहे.

युरोपात हेल्मेट तपासतात ते आत डोक्याचा साचा बसवून दीडेक मीटरवरून सोडून, म्हणजे ताशी 20 किलोमीटरच्या आसपासची टक्कर. त्यात ट्रॉली कुठं आली?

बरं, हेल्मेट बेकार आहे असं नाही म्हणत मी. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 40 अभ्यास एकत्र केले तर डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता 69 टक्क्यांनी कमी निघाली. तेही बहुतेक दवाखान्यातलेच आकडे, पण एवढे सगळे एकाच बाजूला झुकतात तर काही तरी असेल. पोरगी गिट्टीवर घसरून पडली तर कामी येईल, घेऊन द्या.

पण आधी मागच्या मडगार्डवर लाल रेडियम लावा, दहा-वीस रुपयांचं काम आहे. आमच्या पोरीला सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळाली तेव्हा मी पहिले तेच केलं. साळ्याच्या सायकलला तर मडगार्डच नाही. दिवाळीत आला होता तेव्हा मी त्याच्या सीटखाली चिकटवून दिलं, तर नागपूरला जाऊन काढून टाकलं म्हणे, चांगलं दिसत नाही म्हणून.