स्मशानात फिरायला जायचं का?

प्रश्न: शिमगा आटोपला की आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत सॅव्हानाला चाललोय. जावई म्हणतो बोनाव्हेंचर नावाची जुनी सिमेट्री आहे, अगदी बागेसारखी, तिथे नेतो. ह्यांना ते मुळीच पटत नाहीये, स्मशानात कसलं फिरायला जायचं म्हणतात. तुम्ही जाऊन आलायत म्हणून विचारते, खरंच जाण्यासारखं आहे का? आणि आल्यावर आंघोळ करायची का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर: ताई, जरूर जा. यजमानांना काय वाटतंय ते कळतं मला, आपल्याकडे स्मशान म्हणजे गावाबाहेर, खाडीच्या नाहीतर समुद्राच्या कडेला, काम असेल तरच जायचं आणि येताना मागे वळून बघायचं नाही. मीही गेटपाशी पाच मिनिटं घुटमळले होते. पण ही जागा माणसांनी येऊन फिरावं म्हणूनच केलीय. एकोणिसाव्या शतकात तिकडे चर्चच्या आवारातल्या दफनभूम्या भरून गेल्या, रोगराईची भीती वाटायला लागली, मग शहराबाहेर झाडं लावून, वळणावळणाचे रस्ते काढून बागेतच दफन करायची पद्धत पडली. पॅरिसला १८०४ मध्ये, बोस्टनजवळ माउंट ऑबर्नला १८३१ मध्ये. शहरात सार्वजनिक बागा तेव्हा फारशा नव्हत्याच, त्यामुळे लोक सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन तिथे जायचे.

बोनाव्हेंचर आधी मळा होता, १८४६ मध्ये तो विकला गेला आणि तिथे दफनभूमी झाली, १९०७ पासून शहराच्या ताब्यात आहे. विल्मिंग्टन नदीच्या उंच काठावर, साधारण १६० एकर. आत शिरलं की लाइव्ह ओक नावाच्या सदाहरित झाडांच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांचा रस्त्यावर नुसता मांडव, आणि त्यावरून खाली लोंबणाऱ्या राखाडी जटा. त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात पण ते शेवाळ नाहीच, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे ती. आपल्या आंब्यावरचं बांडगूळ कसं झाडाचा रस पितं, तसं हिचं नाही, फांदीचा फक्त आधार घेते आणि पावसावर, हवेतल्या ओलाव्यावर जगते. मला तिथे आपल्या देवराईची आठवण झाली, तोच गारवा, आपोआप आवाज खाली येतो. जॉन म्यूर नावाचा निसर्गप्रेमी १८६७ मध्ये पायी फिरत इथे पोचला, घरून पैसे यायचे होते म्हणून काही रात्री चक्क या थडग्यांमध्येच झोपला, आणि इथल्या झाडांवर त्याने किती प्रेमाने लिहिलंय!

ग्रेसी वॉटसनची मूर्ती मात्र चुकवू नका. हॉटेल मॅनेजरची सहा वर्षांची मुलगी, १८८९ मध्ये न्यूमोनियाने गेली, जॉन वॉल्झ या शिल्पकाराने फोटोवरून संगमरवरात तिची मूर्ती केली. आईवडील पुढे शहर सोडून गेले, ती एकटीच राहिली. अजून लोक तिच्यासाठी खेळणी ठेवून जातात. मला तिथून हलवेना.

यहुदी लोकांचा भाग वेगळा आहे. तिथे थडग्यावर फुलं नाही, छोटे दगड ठेवतात, कुणीतरी येऊन गेलं याची खूण. जर्मनीतल्या एका छळछावणीत मारल्या गेलेल्या ३४४ जणांची रक्षाही तिथे पुरलेली आहे.

एक अजून सांगते, शक्य झालं तर लॉरेल ग्रोव्ह या सॅव्हानातल्याच दुसऱ्या जुन्या दफनभूमीच्या दक्षिण भागातही जा. बोनाव्हेंचरचा मळा गुलामांच्या राबण्यावर उभा होता, आणि काळ्या लोकांना, गुलाम असोत की स्वतंत्र, दफनाला जागा दिली ती लॉरेल ग्रोव्हमध्ये वेगळी काढून. गुलामीत जन्मलेले धर्मोपदेशक अँड्र्यू ब्रायन तिथे आहेत. टुरिस्ट फारसे तिकडे फिरकत नाहीत, मला ते लागलं. एकच बघून आलात तर अर्धंच शहर बघितलं.

बाकी काय, बोनाव्हेंचर सकाळी ८ ते संध्याकाळी ५ उघडं असतं, तिकीट नाही. मार्चमध्ये अझेलिया फुललेला असतो त्यामुळे तुमची वेळ छान साधलीय. सकाळी लवकर जा, पाणी आणि डासांचं क्रीम जवळ ठेवा, जमिनीवर पडलेलं मॉस उचलू नका, त्यात किडे असतात. अजूनही तिथे दफन होतात, कुणाचे नातेवाईक दिसले तर लांबूनच जा, फोटो नकोच. आंघोळीचं म्हणाल तर यजमानांच्या मनाला बरं वाटणार असेल तर खुशाल करा, त्यात काय.

आणि निघायच्या आधी एका संध्याकाळी त्यांना नवगावला घेऊन जा, तुम्हाला जवळच आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या बेने इस्रायल पूर्वजांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदींची, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांची, जुनी दफनभूमी तिथे आहे. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथे पुरलं असं ते लोक सांगतात. तिथे दहा मिनिटं थांबा त्यांच्यासोबत, मग बोनाव्हेंचरचा विषय काढा.