ड्राफ्ट बिअरचे केग आणि गॅसचा सिलिंडर एकाच कोल्ड रूममध्ये ठेवले तर चालेल का?

रेस्टॉरंटच्या तळघरात आठ बाय आठ फुटांची कोल्ड रूम बांधताय, त्यात 50 लिटरचे सहा केग, म्हणजे बिअरची स्टीलची पिंपं, आणि बिअर नळापर्यंत ढकलणाऱ्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर ठेवायचाय, आणि उन्हाळ्यात केग फुटेल का अशी धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. फुटण्याची धास्ती सोडा. सिलिंडर मात्र आधी त्या खोलीबाहेर काढा.

पुण्यात एका पबमध्ये बार सांभाळायचो तेव्हा आमचाही सिलिंडर आतच असायचा. एका रात्री गर्दीत तो संपला. पोराने घाईघाईत नवा लावला आणि सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचा जुना, दबलेला वॉशर तसाच राहू दिला. सकाळी मी दार उघडून आत गेलो. वास नाही, फुसफुस नाही, काही नाही. खालच्या केगचा कपलर, म्हणजे केगच्या तोंडावर नळ्या जोडणारा भाग, काढायला वाकलो आणि नाकात झणझणलं, सोड्याची बाटली उघडून लगेच नाक लावलं की होतं तसं. दोन श्वासांत धाप लागली, कानशिलं उडायला लागली. बाहेर कसा आलो ते पायांनाच ठाऊक. नंतर पाहिलं तर रात्री लावलेल्या सिलिंडरचा काटा शून्यावर. फुसफुस यायला आत काही उरलंच नव्हतं. खोली मोठी होती आणि दाराची रबरपट्टी फाटलेली होती, म्हणून आज हे उत्तर लिहितोय.

तुमच्या खोलीचा हिशोब करून बघा. 9 किलोचा सिलिंडर पूर्ण गळला तर साधारण 5 घनमीटर वायू होतो. खोली आठ फूट उंच धरली तर साडेचौदा घनमीटरची. हवेत 4 टक्के सीओटू म्हणजे जिवाला धोका. 10 टक्क्यांना माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडू शकतो. तुमच्याकडे तर पाव खोलीहून जास्त वायूने भरेल. त्यात तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणजे केग बदलायला वाकलेल्या माणसाच्या तोंडापाशीच साचणार.

गावाकडे जुन्या विहिरीत उतरलेला एकजण बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही वर येत नाही, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. कोल्ड रूममध्ये हेच होतं. आत कुणी पडलेलं दिसलं तर धावत शिरायचं नाही. दार सताड उघडायचं, गॅस बाहेरून बंद करायचा, 101 ला फोन लावायचा. पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा. विहिरीत कंदील सोडून बघायची युक्तीही इथे कामाची नाही, कारण माणसाला घातक होण्याइतका सीओटू साचला तरी दिवा जळत राहू शकतो.

सिलिंडर बाहेर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी, उभा आणि भिंतीला साखळीने बांधलेला हवा. नळी भिंतीतून आत न्या. दर वेळी नवा वॉशर, आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. तरी नळ्या आणि कपलर आतच राहतात, म्हणून सीओटूचा डिटेक्टर लागतोच. तो गुडघ्याच्या उंचीवर लावा, आकडा दाराबाहेर दिसू दे. दुकानदार एलपीजीचा अलार्म 'तेच आहे हो' म्हणत गळ्यात मारेल. घेऊ नका, त्याला सीओटू कळत नाही.

आता केग. 3 अंशांना आत साधारण 12 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो, 20 अंशांना 27-28. धड स्टीलचा केग एवढं सहज झेलतो. गरम केगचा खरा ताप फेसाचा: अर्धा ग्लास फेस आणि गिऱ्हाइकाशी वाद. उन्हातून टेम्पोने आलेला केग एक दिवस गार होऊ द्या, मगच लावा. डिलिव्हरी सकाळी मागवा.

केगमुळे माणसं दगावतात ती तो उघडायला गेल्यावर. मधली लांब नळी, जिला स्पिअर म्हणतात, आत दाब असताना सैल केली तर बंदुकीतून सुटल्यासारखी वर येते. आपण ज्याला रिकामा म्हणतो त्या केगमध्येही दाब असतोच. हल्ली केग कापून त्याचा तंदूर किंवा टेबल करायची हौस सुटलीय. तुमच्याकडे कुणी मागायला आला तर सरळ नाही म्हणा. केग कंपनीचा असतो, तो कंपनीकडेच परत जातो.

भरलेला 50 लिटरचा केग 60 किलोच्या वरच भरतो. जिन्यावरून दोघांनीच उतरवायचा, खाली जुना टायर टाकायचा, आणि चप्पल घातलेल्या पोराला त्या कामाला लावायचं नाही. ओल्या फरशीवर अंगठा चेंगरलेले दोघे मी पाहिलेत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत: बिअरच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकच्या, म्हणजे कातडी भाजणाऱ्या क्षाराच्या, पाण्याने धुवाव्या लागतात. हातमोजे आणि गॉगल घालून. धुणं चालू असताना कुणी नकळत त्याच नळाखाली ग्लास धरला तर गिऱ्हाइकाचा घसा भाजेल. आम्ही नळाला लाल पिशवी बांधायचो. साध्या पाण्याने भरपूर धुऊन, क्षार उरला नाही हे पीएचच्या पट्टीवर तपासून मी स्वतः ती सोडेपर्यंत त्या नळाला कुणी हात लावायचा नाही.